कोंडलेली हवा

माघातली पहाट होती. उन्हाळी धानाचे पऱ्हे रोवणीला आले होते, रोवणीच्या बाया आठ वाजता येणार होत्या, आणि रात्री गेलेली लाइन अजून आली नव्हती. विहिरीवरची मोटर नुसती बघत बसायची. शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेलं जुनं डिझेल इंजिन होतं, ते उघडलं आणि मी हँडल मारायला लागलो. पाचदा, दहादा, पंधरादा. दंड भरून आले. इंजिन फुसफुसलं, थोडा पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं. समोर रामटेकच्या गडामागून उजेड फुटत होता आणि बांधीत चिखलणीपुरतंही पाणी नव्हतं.

फोन केल्यावर गावातून मिस्त्रीकाका आले. त्यांनी पिशवीतून एकही पाना काढला नाही. हँडल लावलं, डीकंप्रेशनचा खटका बंदच ठेवला आणि चाक अगदी सावकाश फिरवलं. एका जागी हलकासा अडसर आला आणि चाक त्यावरून आरामात निघून गेलं.

"पाह्य," ते म्हणाले, "दमच नाही राहिला याच्यात."

मग ते मला शेजारच्या शेतात घेऊन गेले. तिथं तसंच एक इंजिन होतं, रोज चालणारं. "आता हे फिरव. अंगठा बोटाच्याच बाजूनं ठेव, दांड्याले वेढू नको. उलटं आलं तर हात मोडते."

मी फिरवलं. अर्ध्या वाटेवर हँडल अडलं. जोर लावला तसं बोटभर पुढे सरकलं, आणि जोर कमी करताच मागे आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा मागे आलं. आत कुणीतरी पाठ लावून बसलेलं असावं, तसा तो विरोध होता. मऊ, पण न हटणारा. आत होती ती फक्त हवा.

आयुष्यभर इंजिनाचा आवाज ऐकत आलो, पण इंजिन म्हणजे मुळात कोंडलेली हवा आहे हे मला त्या पहाटे हाताला कळलं.

आकड्यांत सांगायचं तर नमुन्याला किर्लोस्करचं एव्ही-१ घेऊ. पुण्यात १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं हे पाच हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं इंजिन शेतकऱ्यांच्या विहिरींवर जितकं ओळखीचं आहे, तितकंच देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्येही. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये अर्ध्या लिटरहून थोडी जास्त हवा मावते. पिस्टन वर गेला की तीच हवा साडेसोळाव्या हिश्श्यात येते, म्हणजे चहाचे सात चमचे भरतील एवढ्या जागेत. आणि हे सगळं किती वेळात? सेकंदाच्या पन्नासाव्या भागात.

सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, ते सगळ्यांनी अनुभवलंय. इथं तेच होतं, पण इतक्या घाईनं की उष्णतेला बाहेर पडायला फुरसत मिळत नाही. हिशेब मांडला तर २७ अंशांची हवा साडेसोळा पट दाबल्यावर साडेसहाशे अंशांच्या जवळ जाते. प्रत्यक्षात थोडी गळती होते, थोडी उष्णता भिंती खातात, म्हणून आकडा त्याहून कमी भरतो. पण डिझेलला आपोआप पेटायला सुमारे २१० अंश पुरतात. म्हणून डिझेल इंजिनात ठिणगी नसते, प्लग नसतो. नोझलमधून डिझेलचा फवारा आत येतो आणि नुसत्या हवेला लागून पेटतो. रूडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला हे चालवून दाखवलं, त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली. मला अजूनही ते पूर्ण खरं वाटत नाही.

आणखी एक हिशेब करा. ८० मिलिमीटरच्या पिस्टनचा माथा म्हणजे सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. दाब चौरस सेंटिमीटरला ३५ किलो धरला तरी डिझेल पेटण्याआधीच त्या तळहाताएवढ्या चकतीवर पावणेदोन हजार किलोंचा भार असतो. धानाची पन्नास किलोंची पस्तीस पोती, आणि खाली आधाराला हवा.

रामटेकच्या माणसाला इथं कालिदास आठवल्यावाचून राहत नाही. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपला रामटेक, असं वा. वि. मिराशींनी पुराव्यांनिशी मांडलं. त्याच काव्याच्या सुरुवातीला कालिदास मेघाची घडण सांगतो: धूर, तेज, पाणी आणि वारा यांची ती जुळणी. हे चारही एका लोखंडी नळकांड्यात, गडाच्या पायथ्याशी, बांधीच्या कडेला रात्रभर एकत्र नांदतात. यातला वारा निसटला की बाकीचे तिघे काही कामाचे नाहीत.

आता प्रश्न असा की तो निसटतो कुठून.

काकांनी आधी साधी कामं उरकली. एअर क्लीनर उघडून पाहिला, कारण श्वासच कोंडला असेल तर दाबायला हवा येणार कुठून? डीकंप्रेशनचा खटका पूर्ण बसतो का ते पाहिलं. हा खटका व्हॉल्व थोडा उघडा धरतो, म्हणून चाकाला हातानं वेग देता येतो, आणि वेग आला की खटका सोडायचा. तो अर्धवट अडकला तर चांगलं इंजिनही दम गेल्यासारखं वागतं. मग टॅपेटची फट. फट बुजली असेल तर व्हॉल्व आपल्या जागेवर टेकतच नाही आणि हवा सरळ बाहेर. हे एका स्क्रूचं काम, पाच मिनिटांचं. "लय लोकं इथंच फसतात," काका म्हणाले. "टॅपेट पाह्यत नाही अन् हेड खोलून बसतात."

आमचं टॅपेट ठीक होतं. मग त्यांनी मला कानाचं काम दिलं. पिस्टन वर चढताना ज्या जागी अडसर येतो, तिथं त्यांनी चाक दाबून धरलं आणि मला म्हणाले, "कान लाव." आधी एअर क्लीनरच्या तोंडाशी. तिथून फुस्स आलं तर आत घेणारा व्हॉल्व गळतो. शांत होतं. मग सायलेन्सरच्या नळीशी. तिथला आवाज म्हणजे बाहेर सोडणारा व्हॉल्व. तिथंही शांत. मग थंडाव्याच्या पाण्याकडे बघायचं. बुडबुडे आले तर हेडचं गॅस्केट फाटलंय किंवा कुठं तडा आहे. पाणी निश्चल. शेवटी तेल घालायच्या झाकणाशी, ब्रीदरपाशी.

"आवाज येते का?"

येत होता. बारीक, लांबलेला, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखा. हवा पिस्टनच्या कडेनं खाली उतरून तेलाच्या घरात चालली होती.

माणसाची छाती तपासणारा डॉक्टर जसा जागा बदलत बदलत स्टेथोस्कोप लावतो, तसंच हे. यात यंत्र कोणतं? एक कान. मी स्वतः हे ऐकल्यापासून कुणाचंही इंजिन बिघडलं की आधी कान लावतो.

पण काकांना अजून खात्री हवी होती. त्यांनी इंजिन ऑइलचा एक चमचा हवेच्या वाटेनं आत सोडला. एकच चमचा, कारण तेल काही दबत नाही आणि जास्त झालं तर पिस्टन त्यावर आपटून दांडा वाकतो. खटका उचलून चार फेरे दिले, तेल भिंतीवर पसरलं, खटका सोडला आणि हँडल माझ्या हातात दिलं. मी फिरवलं आणि थबकलो. हँडलनं मला मागे ढकललं! शेजारच्या इंजिनाइतकं नाही, पण ढकललं. गेलेला दम एका चमच्यानं परत आला होता. तेलानं रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवली होती. व्हॉल्व गळत असते तर या तेलानं काहीच फरक पडला नसता. एवढ्यानं निदान पक्कं झालं. दोष रिंगांत किंवा लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या नळीत धावतो तिच्यात.

रिंगेविषयी थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण इतकी साधी आणि इतकी हुशार वस्तू मी दुसरी पाहिली नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसवता येत नाही, तापून फुगला की अडकेल. सैल ठेवला तर हवा निसटेल. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरनं वाफेच्या इंजिनांसाठी तोड काढली. पिस्टनला खाच पाडायची आणि तीत एका जागी कापलेली लोखंडी कडी बसवायची. कडी स्वतःच्या ताणानं भिंतीला टेकते. पण नुसत्या त्या ताणानं एवढा दाब कसा थोपवणार? खरी गंमत इथं आहे. दाबलेली हवा फटीतून पळू बघते, खाचेत शिरते, कडीच्या मागे जाते आणि तिथून तीच कडीला भिंतीवर रेटते. हवा जितक्या जोरानं पळू पाहते, तितकं दार घट्ट मिटतं. पळणाऱ्यालाच दाराला पाठ लावून उभं केलंय.

आणि ही कडी किती फिरते! १५०० फेऱ्यांना, फेरीला बावीस सेंटिमीटर, म्हणजे तासाला जवळजवळ २० किलोमीटर. रात्री आठ तास पाणी चाललं की रिंग सुमारे १६० किलोमीटर घासली गेली. रामटेकहून नागपूरला जाऊन यायचं, आणि पुन्हा एकदा नागपूर गाठायचं, तेवढं अंतर, अकरा सेंटिमीटरची जागा न सोडता. मध्ये असतो तो तेलाचा पदर, केसाहून कितीतरी पातळ.

तो पदर एका जागी हमखास तुटतो. पिस्टन अगदी वर जाऊन वळतो, त्या क्षणी त्याचा वेग शून्य होतो. वेग नाही तर तेल ताणून पसरत नाही, आणि नेमका तिथंच दाब आणि उष्णता सगळ्यात जास्त. म्हणून लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेच्या वळणाच्या जागी सर्वात जास्त झिजतो, आणि त्याच्या वर, जिथं रिंग पोचतच नाही, तिथं मूळ धातूची कड उभी राहते.

झिजवतं कोण? धूळ. मातीतली गारगोटीची पूड लोखंडाहून कठीण असते. धानाच्या पट्ट्यात तिला आणखी एक साथीदार मिळतो. धानाच्या तुसात सिलिका ठासून भरलेली असते, तूस जाळलं तर राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिकाच उरते. राइस मिलचे लोखंडी भाग तुसानं घासून पातळ होतात ते याचमुळे. मळणीच्या दिवसांत आमचं इंजिन त्याच धुरळ्यात उभं राहून श्वास घेत होतं आणि एअर क्लीनरमधलं तेल कधी बदललं ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. दमाचा आजार तिथून आला होता.

हेड उघडलं. काकांनी माझं बोट धरून लायनरच्या आतल्या वरच्या काठाखाली फिरवलं. नख अडलं. स्पष्ट कड होती.

मग त्यांनी जे केलं ते बघून मला शाळेतले गणिताचे गुरुजी आठवले. जुन्या पिस्टनची एक रिंग काढून त्यांनी लायनरमध्ये अगदी खाली, जिथं झीज नाही तिथं आडवी बसवली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजली. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली आणून पुन्हा मोजली. वरची फट बरीच मोठी निघाली. दोहोंतला फरक त्यांनी मनातल्या मनात तिनानं भागला आणि लायनर किती झिजला ते सांगितलं.

तिनानं का? त्यांना विचारलं तर म्हणाले, आमच्या उस्तादानं सांगितलं होतं. पण कारण तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे. वर्तुळाचा व्यास वाढला की परीघ ३.१४ पट वाढतो. रिंगेची लांबी तेवढीच, म्हणून वाढलेला सगळा परीघ फटीत दिसतो. समजा खाली फट ०.३० मिलिमीटर आहे आणि वर ०.९३, तर फरक ०.६३, आणि लायनरची झीज ०.२० मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी झीज तिप्पट मोठी होऊन समोर येते. आर्यभटानं ज्या गुणोत्तराची किंमत दीड हजार वर्षांपूर्वी चार दशांश स्थळांपर्यंत दिली, ते गुणोत्तर रामटेकच्या एका मिस्त्रीच्या बोटांत उस्तादाच्या शब्दावर नांदतंय.

आता खरा प्रश्न: इंजिन बांधायचं की नाही, आणि बांधायचं तर किती. पुष्कळ जण नुसत्या नव्या रिंगा टाकून मोकळे होतात. माझं मत याच्या विरोधात आहे, आणि कारण वरचंच गणित. वर रुंद आणि खाली अरुंद झालेल्या लायनरमध्ये रिंग प्रत्येक धावेला उघडत-मिटत राहते, सेकंदाला पन्नास वेळा. शिवाय नव्या रिंगेची धार त्या जुन्या कडेवर आपटते आणि रिंग तुटू शकते. झीज मापात असेल तरच नुसत्या रिंगा. नाहीतर लायनर, पिस्टन, रिंगा, सगळा संच एकदम. आणि त्याआधी खालचं पाहायचं: क्रँकच्या बेअरिंगा ढिल्या नाहीत ना, ऑइलचा दाब येतो ना, दांडा ठोकत नाही ना. क्रँकच खराब असेल तर वरचा नवा दम खालची हाडं मोडतो.

चहा घेताना मी काकांना सांगितलं की एक इंजिन असं आहे ज्यात व्हॉल्वच नाही, पिस्टनही नाही, एक तिकोनी चकती फिरते. त्यांनी कप खाली ठेवला. "मंग त्याचं कंप्रेशन कसं पाह्यते?"

इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्यांना जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर सांगतो.

फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीत हे रोटरी इंजिन १९५७ साली पहिल्यांदा फिरलं. आठच्या आकड्याची कंबर फुगवून जवळजवळ सरळ केली तर जो आकार होईल, तशी त्याची आतली भिंत असते. तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो, पण जागच्या जागी नाही, डुलत डुलत. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात, आणि तीन बाजू व भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या तयार होतात. त्रिकोण डुलतो तशी प्रत्येक खोली फुगते आणि आकसते. एका खोलीत हवा-पेट्रोल आत येत असतं तेव्हा दुसरीत ते दाबलं जात असतं आणि तिसरीत जळून ढकलत असतं. त्रिकोणाची एक फेरी होते तेव्हा मधल्या दांड्याच्या तीन होतात. वर-खाली, थांब-वळ असं काहीच नाही. म्हणून थरथर कमी आणि वजनाच्या मानानं ताकद अफाट.

याचा आपल्याशी संबंध आहे, तोही महाराष्ट्रातून. लष्करासाठी बनवलेल्या 'निशांत' या वैमानिकाविना उडणाऱ्या टेहळणी विमानाला परदेशी रोटरी इंजिन लागत असे. त्याच्या जागी देशी इंजिन बसवायचं ठरलं. इंजिनाचा गाभा बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं म्हणजे एनएएलनं घडवला. प्रज्वलन आणि इंधनाची व्यवस्था केली आपल्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण संस्थेनं. उड्डाणाच्या चाचण्या बंगळुरूच्या एडीई या संरक्षण संस्थेनं घेतल्या. ५ एप्रिल २००९ रोजी पहाटे कोलारजवळ ते उडालं, १.८ किलोमीटर उंची गाठली आणि चाळीस मिनिटांनी सुखरूप उतरलं. इंजिनाचं वजन सुमारे ३० किलो, ताकद ५५ हॉर्सपॉवर. आमचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन बैलबंडीवर चढवायला चार माणसं लागतात. हे अकरा पट ताकदीचं इंजिन एक माणूस खांद्यावर घेऊन गड चढेल.

काकांचा प्रश्न मात्र राहिलाच. व्हॉल्व नाहीत, त्यामुळे निम्मे संशयित आधीच सुटले. हवा कोंडण्याचं सगळं काम त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्यांचं आणि बाजूंच्या बारीक सीलांचं. माझदाच्या आरएक्स-८ गाडीत टोकाची पट्टी अवघी २ मिलिमीटर जाड आहे. रिंगेसारखीच ती खाचेत बसते, खाली स्प्रिंग असते आणि दाबलेली हवाच तिला मागून भिंतीवर रेटते. रॅम्सबॉटमची युक्ती इथंही तीच. पण रिंगेपेक्षा तिचं जिणं कठीण. ती भिंतीला एका रेघेवर टेकते, प्रत्येक क्षणाला तिचा कल बदलतो, आणि दाब कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं येतो, त्यामुळे ती खाचेत इकडून तिकडे पडत राहते. माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या थरथरून भिंतीवर लाटा उमटवीत. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं होतं 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'. कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी सापडली तेव्हा कुठे १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही त्यांची गाडी बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या एनएसयूच्या आरओ-८० ला या पट्ट्यांच्या झिजेनं इतकं छळलं की दोन वर्षांत ती कंपनी फोक्सवॅगनच्या घरात विलीन झाली.

आता निदान. साधा कंप्रेशन गेज लावला तर तो तिन्ही खोल्यांतला सर्वात मोठा आकडा धरून ठेवतो आणि आजारी खोली त्याच्याआड लपते. म्हणून गेजमधली झडप काढून काटा मोकळा सोडतात आणि स्टार्टरनं फिरवताना त्याच्या उड्या बघतात. तीन उड्या सारख्या हव्यात. रोटरीसाठी खास गेजही असतो, तो तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवतो. आरएक्स-८ साठी २५० फेऱ्यांना किमान ६८० किलोपास्कल, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत सात किलोच्या जरा खाली, आणि एकाच त्रिकोणाच्या तीन बाजूंत १५० किलोपास्कलहून जास्त तफावत नको. फेरे आधी बघायचे. बॅटरी उतरलेली असेल आणि इंजिन सावकाश फिरलं तर हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो, आकडा खाली येतो आणि चांगल्या इंजिनावर नाहक ठपका बसतो.

मग येते ती गोष्ट, जी ऐकून काका हसले. टोकाची प्रत्येक पट्टी दोन खोल्यांची सामाईक भिंत असते. म्हणून एक पट्टी गेली की शेजारच्या दोन खोल्यांचे आकडे पडतात आणि तिसरी ठणठणीत राहते. दोन कमी, एक चांगला, म्हणजे त्या दोघांमधली पट्टी. तिन्ही सारखेच कमी, म्हणजे सगळीकडची झीज. "म्हंजे दोन शेजाऱ्यांचा एकच बांध," ते म्हणाले. "फुटला तर दोघांच्याही बांधीतलं पाणी जाते." मी तासभर जे समजावत होतो ते त्यांनी धानाच्या बांधीत बसवलं.

दोघांच्या लक्षणांतही फरक आहे. आमचं डिझेल इंजिन माघाच्या थंडीत अडलं, कारण गार भिंती हवेची उष्णता पिऊन टाकतात आणि उरलेला थोडा दमही पुरत नाही. एकदा चालू झालं की दिवसभर कुरकुरत चालतं. रोटरीचं उलट. तिथं पेटवायला प्लग आहे, म्हणून थंडीची तेवढी अडचण नाही. दम गेलेलं रोटरी इंजिन सकाळी चालू होतं आणि तापल्यावर बंद केलं की पुन्हा धरत नाही, कारण तापून पातळ झालेलं तेल फटी बुजवत नाही. कधी कधी पेट्रोल जास्त होऊन भिंतीवरचं तेलच धुऊन जातं आणि कंप्रेशन एकदम पडतं. तिथंही इलाज चमचाभर तेलाचाच. तेल सोडल्यावर दम परत आला आणि टिकला, तर इंजिन खोलायचं कारण नाही.

बांधायचं की थांबायचं, या प्रश्नाला दोन्हीकडे उत्तर वेगळं मिळतं, आणि ते ठरतं ज्या भिंतीवर घासलं जातं तिच्यावरून. आमच्या इंजिनाचा लायनर निघतो, दुसरा बसतो. त्यामुळे थोडं थांबलं तर डिझेल आणि ऑइल जास्त जाईल, धूर होईल, पण घर शाबूत राहील. रोटरीची आतली भिंत कठीण क्रोमच्या मुलाम्याची, ती बोअर करून मोठी करता येत नाही. झिजलेली पट्टी तुटली की तुकडा त्या मुलाम्यावर नांगर फिरवतो आणि अख्खी भिंत बदलावी लागते. म्हणून रोटरीत तीन आकड्यांपैकी दोन पडलेले दिसले की वाट पाहू नये. सुटे भाग अगदी थोडे, फिरणारे तर दोनच, पण चूक माफ करणारा त्यात एकही नाही. आणि ते इंजिन आकाशात असेल, एकच त्रिकोण असेल, तर तपासणी जमिनीवरच आणि वेळेतच व्हायला हवी.

आमच्या इंजिनाचा निर्णय घरात सोपा झाला नाही. सौरपंप घ्यावा, असं भावाचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. पण रोवणी सौरपंपाच्या मंजुरीची वाट बघत नाही, आणि रात्री लाइन गेल्यावर हातानं चालू होणारं यंत्र घरात असावं, असं आईचं म्हणणं होतं. क्रँक तपासला, तो चांगला निघाला. लायनर-पिस्टनचा पूर्ण संच टाकला. व्हॉल्व काढलेच होते, तर तेही घासून बसवले. त्या दिवसाची रोवणी शेजाऱ्याच्या इंजिनावर झाली आणि तिसऱ्या दिवशी आमचं इंजिन लागलं. काकांनी सांगितलं की पहिले काही दिवस पूर्ण भार टाकू नको, आणि पहिलं तेल लवकर काढून टाक, त्यात नव्या रिंगांनी घासलेला चुरा असतो. आता हँडल मला मागे ढकलतं. कधी लाइन असली तरी मी शेडमध्ये जाऊन ते एकदा फिरवून बघतो.

तुमच्या घरी असं इंजिन असेल तर हेड खोलू देण्याआधी टॅपेट बघायला सांगा, ब्रीदरला कान लावा, एअर क्लीनरमधलं तेल आजच बदला. आणि लायनर बदललाच, तर जुना भंगारात देण्याआधी मिस्त्रीकडून मागून घ्या. वरच्या काठाखाली नख फिरवा. ती कड तुम्हाला लागेल.